सप्ताहातला श्वास

चौथ्या दिवशी दुपारी चारूच्या कमरेचं यंत्र पुन्हा बोललं. "औषधाची मात्रा एका पायरीने वाढवली आहे. काळजी नसावी." आवाज बाईचा, गोड आणि समजूतदार. बँकेत नंबर पुकारतात तसा.

माजघरात कोणी मान वर केली नाही. कोपऱ्यात पिठावर दिवा तेवत होता. रंगनाथदादांनी जिथे प्राण सोडला तीच जागा. दिव्याशेजारी त्यांची बायको, इंदूवहिनी, भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांच्या कानावर ते शब्द पडले की नाही, देव जाणे. त्यांच्या धाकट्या दिरांनी, दिगंबर हर्डीकरांनी, मात्र आपल्या बायकोकडे पाहिलं. चारूचे गाल लालबुंद झाले होते आणि ओठ पांढरेफटक. सकाळी तिने पोळीचा एक घास घेतला तो चावताना जबडा कळवळला म्हणून ठेवून दिला होता. चार दिवसांतली ही सहावी पायरी होती.

"अहो," ती हळूच म्हणाली, "मला जरा आडवं करा. जमीन फिरतेय."

दिगंबरांनी तिला सतरंजीवर निजवलं, पायाखाली पाट दिला. मिरजेत चाळीस वर्षं त्यांनी बाजाच्या पेट्या दुरुस्त केल्या, केसाएवढ्या फटीतून हवा कुठे निसटते ते बोटाने ओळखलं, पण इथे कुठे काय निसटतंय ते बोटाला लागत नव्हतं.

चारुशीला हर्डीकर म्हणजे कीर्तनकार बाई. नारदाच्या गादीवर एकदा उभी राहिली की अडीच-तीन तास पाय हलायचा नाही, आणि साथीला पेटीवर नवरा. तीन वर्षांपूर्वी तिला धाप लागायला लागली. फुफ्फुसांतल्या रक्तवाहिन्या आकसत चालल्या आहेत, असं डॉक्टर निलोफर मुजावर यांनी सांगितलं. त्या उघड्या ठेवणारं औषध आहे, पण त्याचा स्वभाव विचित्र. गोळीसारखं घेऊन विसरता येत नाही. शरीरात ते काही मिनिटंच टिकतं, म्हणून छातीत बसवलेल्या बारीक नळीतून ते अष्टौप्रहर थेंबथेंब जायला लागतं. थांबलं तर रक्तवाहिन्या मिटतात. जास्त झालं तर साऱ्या अंगाच्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब कोसळतो. दोन्हीकडे दरी आणि मधून पायवाट.

पहिली दोन वर्षं तिच्या कमरेला स्प्रिंगचा पंप होता. दिगंबरांना तो पाहताक्षणी कळला. पेटीत बाहेरचा भाता हाताने मारतात, तो कधी जोरात, कधी हळू. पण आत एक दुसरा भाता असतो, स्प्रिंगा त्याला सारख्याच जोराने दाबत राहतात, म्हणून सूर थरथरत नाही. हा पंप तसाच. सिरिंजच्या दट्ट्यामागे स्प्रिंग, पुढे केसासारखी बारीक नळी. स्प्रिंग ढकलते आणि नळी म्हणते, एवढंच सोडीन. किती सोडायचं ते नळीच्या जाडीवर, म्हणून नळ्यांना नंबर. चारूची चार नंबरची. बॅटरी नाही, आवाज नाही, अक्कलही नाही.

अक्कल नसण्याचेही तोटे असतात. थंडीत औषध दाटायचं, पंप मागे पडायचा. उन्हाळ्यात पातळ व्हायचं, पुढे धावायचा. गेल्या वैशाखात पत्र्याच्या मंडपात, आख्यान ऐन रंगात असताना, चारूने डाव्या हाताने खांब धरला. लोकांना वाटलं अभिनय. दिगंबरांना पेटीवरून दिसत होतं की तिची बोटं पांढरी पडली आहेत. गादी सोडली नाही तिने, आरतीपर्यंत उभी राहिली आणि मग कोसळली. आणि पंप एका शब्दाने बोलला नव्हता.

त्या दिवशी दिगंबरांनी हट्ट धरला की नवं यंत्र घ्यायचं. सारथी त्याचं नाव. त्यात छोटी मोटर, बरगड्यांभोवती पट्टा. पट्टा श्वास मोजतो, नाडी मोजतो, रक्तातला प्राणवायू मोजतो. नळीत बुडबुडा आला तर ओरडतो, ऊन-थंडी सांभाळून घेतो आणि माणसाच्या गरजेप्रमाणे मात्रा पायरीपायरीने आपणच कमीजास्त करतो. त्यासाठी पहिले सात दिवस तो नुसता शिकतो. त्या सात दिवसांत जे दिसेल ते या माणसाचं स्वास्थ्य, असं तो मनाशी धरतो. फॉर्मवर लिहिलं होतं, या काळात नेहमीची दिनचर्या ठेवा.

"मग मुहूर्त कधीचा?" चारूने चेष्टेने विचारलं होतं.

दिगंबरांनी पंचांग काढलं होतं. दत्तजयंतीच्या सप्ताहाचा पहिला दिवस. चांगल्या कामाला चांगला दिवस नको का?

कृष्णेच्या घाटावरच्या देवळात सात दिवस तिचं कीर्तन होतं. पहाटे नदीकडे तोंड करून रियाज, दुपारी बायकांबरोबर पोथीचं पारायण, संध्याकाळी कीर्तन. उत्तररंगाच्या, म्हणजे आख्यानाच्या, आधी गळ्यात हार पडायचा, कपाळाला बुक्का लागायचा, आणि तिचा आवाज असा काही उघडायचा की तिला आजार आहे हे सांगूनही कुणाला खरं वाटलं नसतं. सारथीचा हिरवा दिवा सात दिवस शांत होता. "बघ," दिगंबर म्हणाले होते, "यालासुद्धा कीर्तन मानवलं."

आठव्या दिवशी सकाळी फोन आला, दादा गेले. पेटी गाडीच्या डिकीतून काढलीही नव्हती. तसेच दोघं सत्तर किलोमीटरवरच्या कासारखिंडीला आले.

इंदूवहिनींनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं, दहाव्यापर्यंत या घरात सूर नको. रंगनाथदादा घरात सदा गुणगुणत असायचे. आता दुसऱ्या कुणाचा गुणगुणण्याचा आवाज आला तर माझ्याने सोसवणार नाही, असं त्या म्हणाल्या. नामाला सुतक नसतं, हे चारूला ठाऊक होतं, तिने ते शंभर कीर्तनांतून सांगितलं होतं. पण शोक करणाऱ्या माणसाचा शब्दही देवाच्या शब्दासारखाच मानायचा, असंही ती सांगायची. तिने ओठ मिटले. नाम मनात.

आणि सारथी पायऱ्या चढू लागला.

दुसऱ्या पायरीलाच दिगंबरांनी मदतकेंद्राला फोन केला होता. तिकडच्या मुलाने अदबीने ऐकून घेतलं. आलेख पाहून सांगतो म्हणाला आणि सांगितलं की आजींचा श्वास मूळ पातळीच्या खूप खाली आला आहे, सारथी त्यांना सांभाळतो आहे, दुःखाच्या दिवसांत असं होतं. चौथ्या पायरीला तोच मुलगा, तेच उत्तर. आजींना घेऊन सावकाश रुग्णालयात दाखवून या म्हणाला.

पण दिगंबरांच्या कानाला काहीतरी बेसूर लागत होतं. काल सायंकाळी वहिनींना अनावर रडू कोसळलं, तेव्हा चारूने त्यांचं डोकं मांडीवर घेतलं आणि दादांच्या लग्नाची हकिगत सांगायला घेतली. तासभर सांगत होती. साधं बोलणं, पण तिचं साधं बोलणंही कीर्तनाच्या लांब श्वासावर चालायचं. त्या तासात यंत्र एक पायरी खाली उतरलं होतं. बोलणं थांबलं, परत वर चढलं. दुखण्याला गोष्ट कशी कळेल?

आता चारूला निजवून ते ओसरीवर गेले आणि थेट डॉक्टर मुजावरांना फोन लावला. सगळं सांगितलं. डॉक्टरांनी एकच विचारलं.

"हर्डीकरकाका, यंत्र शिकत होतं त्या सात दिवसांत ताई काय करत होत्या?"

"नेहमीचंच."

"नेहमीचं म्हणजे?"

"कीर्तन," दिगंबर म्हणाले.

मग डॉक्टर हळू आवाजात बोलू लागल्या, आणि त्यांचा आवाज हळू आहे म्हणूनच दिगंबरांना जास्त भीती वाटली. गाणाऱ्या माणसाचा श्वास साध्या माणसाच्या तिप्पट लांब असतो. सारथी तोच श्वास म्हणजे ताई असं शिकला. आता ताई गप्प आहेत, चारचौघांसारखा श्वास घेताहेत, आणि त्याला वाटतंय त्या गुदमरताहेत. म्हणून तो औषध वाढवतो. औषध जास्त झालं की रक्तदाब उतरतो, नाडी पळते, श्वास आणखी तोकडा होतो. तो पाहून यंत्र आणखी वाढवतं.

"म्हणजे ती गप्प बसलीय म्हणून हे तिला मारतंय?"

डॉक्टरांनी नाही म्हटलं नाही. त्यांनी रक्तदाब घ्यायला सांगितला. दिगंबरांनी आत जाऊन चारूच्या दंडाला पट्टा बांधून तो घेतला. वरचा आकडा अठ्ठ्याहत्तर.

मात्रेचं कुलूप केंद्राच्या हातात होतं, डॉक्टरांच्याही नाही. मंजुरी उद्या सकाळपर्यंत. रुग्णवाहिका त्यांनी बोलतानाच सोडली, पण तिला घाट चढून यायला दीड तास, आणि आणखी एक पायरी वाढली तर दीड तास फार होता. यंत्र बंद केलं तर? तर औषध तुटेल, रक्तवाहिन्या मिटतील. तेही मिनिटांतच.

"जुना पंप कुठे आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"पेटीच्या खोक्यात," दिगंबर म्हणाले. दुरुस्तीवाल्याची खोड. चालणारी वस्तू टाकवत नाही. चार नंबरची बंद पाकिटातली नळी, दोन सिरिंजा, सगळं देवळातल्या वस्त्रात बांधलेलं होतं. औषधाची जादा कुपी वहिनींच्या फ्रिजमध्ये.

डॉक्टरांनी पायरी न पायरी समजावली. सिरिंज भरायची, पंपात बसवायची, आणि मग थांबायचं. औषध केसाएवढ्या नळीतून शेवटच्या टोकाला येईपर्यंत वीस-बावीस मिनिटं जातात, थंडीत जास्तच. टोकाला थेंब दिसेपर्यंत सारथी काढायचा नाही. रिकामी नळी जोडली तर आत हवा जाईल. "आणि तोवर ताईंना लांब श्वास घ्यायला लावा. गाणं जमत नसेल तर नको. त्या यंत्राला कान नाहीत काका, त्याला फक्त बरगड्या कळतात."

दिगंबर आत आले ते खोकं आणि पेटी घेऊनच. पेटी पाहून वहिनी ताठ बसल्या.

"भावजी, हे काय?"

त्यांनी सांगितलं. किती सांगितलं आणि कसं, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. तोवर हातांचं काम चालू होतं. साबणाने हात धुतले, कुपीचं बूच पुसलं, औषध ओढून घेतलं, बुडबुडा टिचकीने वर आणून काढला, पंपात सिरिंज बसवून झाकण फिरवलं. खट् असा लहानसा आवाज झाला. स्प्रिंगने दट्ट्याला पाठ लावली. आता नळी.

चारूने लांब श्वास घ्यायला सुरुवात केली होती. चार-पाच घेतले आणि ती हरवली. डोळे फिरले. "मोजता येत नाही हो," ती पुटपुटली. "धरायला काही नाही."

गादीवर तिला धरायला पेटी असायची. पेटीला हात हवेत आणि दिगंबरांचे दोन्ही हात पंपाला जखडलेले. नळीचं टोक निर्जंतुक कापडात उंच धरायचं होतं, थंड नळी दुसऱ्या मुठीत ऊब देत धरायची होती.

वहिनी उठल्या. चार दिवसांत पहिल्यांदा त्या दिव्यापासून हलल्या. पेटीसमोर येऊन बसल्या.

"भाता कसा हलवायचा ते सांगा," त्या म्हणाल्या. "सुराच्या पट्टीला मी हात लावणार नाही."

दिगंबरांनी नळी एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने पेटीचं झाकण उघडलं. वरची फळी बाजूला करून एका सुराच्या पितळी जिभेचे दोन स्क्रू काढले, जीभ बाहेर ठेवली. तिथली पट्टी घडी घातलेल्या कागदाने दाबून ठेवली. आता हवेला वाट होती, पण सूर नव्हता. हातावर औषधी पाणी चोळून ते पुन्हा नळीपाशी आले.

वहिनींनी भाता ओढला. मिटला. हुस्स. एखादं मोठं जनावर झोपेत सुस्कारा सोडतं तसा आवाज. पुन्हा ओढला, पुन्हा हुस्स. चारूच्या बरगड्या भात्याबरोबर उचलल्या आणि भात्याबरोबर खाली आल्या.

"श्वासात सुधारणा," सारथी म्हणाला. "मात्रा कायम."

भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकत होता. दिगंबर नळीत औषध कुठवर आलं ते उजेडाकडे धरून पाहत होते. पारदर्शक नळीत पारदर्शक औषध, दिसणार काय! दत्तमहाराज, म्हणत ते मुठीतली नळी चोळत होते. दहा मिनिटं. चौदा. अठरा.

चारूचं डोकं एका अंगाला कललं. भाता ओढला गेला, बरगड्या उचलल्या नाहीत. पुन्हा ओढला, तरी नाहीत.

"श्वास कमी होत आहे," तो गोड आवाज म्हणाला. "दोन मिनिटांत मात्रा वाढवली जाईल. काळजी नसावी."

दिगंबरांना तिच्याकडे धावायचं होतं. नळी सोडली तर सगळं पहिल्यापासून. ते जागचे हलले नाहीत. त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात कठीण काम तेवढंच होतं, न हलणं.

वहिनींनी भाता थांबवला नाही. पण त्या वाकल्या आणि चारूच्या कानाशी, लहान जावेला दटावतात तशा बोलल्या.

"चारू, ऐक. हे तुझ्या प्रत्येक कीर्तनाला पुढच्या रांगेत बसायचे. पाय दुखले तरी आरती होईतो कधी मधे उठले नाहीत. तूही मधे उठायचं नाहीस. माझ्या घरात तर नाहीच."

हुस्स.

बरगड्या हलल्या. थोड्या. मग पुढच्या भात्याला जास्त. चारूचे डोळे मिटलेलेच होते, पण भुवया आवळल्या, आख्यानातली कठीण तान घेताना आवळायच्या तशा. एक मिनिट राहिलं असेल नसेल.

"मात्रा कायम," सारथी म्हणाला.

बाविसाव्या मिनिटाला थेंब आला नाही. चोविसाव्याला आला नाही. सव्विसाव्या मिनिटाला नळीच्या टोकाशी काहीतरी चमकलं, फुगलं, लोंबकळलं. दिगंबरांनी डोळे पुसून पुन्हा पाहिलं. थेंबच होता.

बदली करायला त्यांना पस्तीस सेकंद लागले. चिमटा बंद, जुनी नळी सुटी, नवी जोडली, चिमटा उघडा.

"रुग्ण सापडत नाही," सारथी म्हणाला. त्यांनी पट्टा सोडवला, यंत्र घोंगडीत गुंडाळलं आणि ट्रंकेत टाकून झाकण लावलं. आतून आवाज येतच राहिला. रुग्ण सापडत नाही. रुग्ण सापडत नाही.

खरी भीती मग सुरू झाली. बोलणारं यंत्र ट्रंकेत होतं आणि चालणारं गप्प होतं. सहा पायऱ्यांवरून चारू एकदम जुन्या मात्रेवर आली होती, धाप लागेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. धाप लागली. ती या उतरणीची की पंप अडकल्याची? स्प्रिंगच्या पंपाला आकडा नसतो, दिवा नसतो. तो चालला आहे की मेला आहे हे एकाच गोष्टीवरून कळतं. तासाभरात दट्ट्या तांदळाच्या दाण्याच्या जाडीइतका सरकतो. दिगंबरांनी सिरिंजवर पेन्सिलीने बारीक रेघ ओढली, पंप चारूच्या कुशीशी उबेला ठेवला आणि समोर बसून राहिले.

मधे डॉक्टरांचा फोन आला. रक्तदाब विचारला. चौऱ्याऐंशी. चढतोय म्हणाल्या. मग एकदम थकल्या आवाजात म्हणाल्या, "जिल्ह्यात तीनशे अकरा माणसांना सारथी बसवलाय, काका. मी एकेकाला फोन लावून विचारतेय, त्या सात दिवसांत तुम्ही काय करत होता. एका बाईंच्या घरी लग्न होतं. एक गृहस्थ उपासाला बसले होते." त्यांनी फोन ठेवला, दुसरीकडे लावायचा होता.

दिगंबरांनी हात जोडले. कुणासाठी ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मुहूर्त त्यांनी काढला होता. बाकीच्या तीनशे दहांसाठीही कुणीतरी असाच चांगला दिवस पाहिला असेल.

घाटाखालून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला तेव्हा त्यांनी पंप उजेडात धरला. चष्मा पुसला. दट्ट्याची काळी कड रेघेच्या पुढे होती. तांदळाइतकी नाही, त्याच्या निम्मी. पण पुढे.

त्यांनी मान वळवली. वहिनी अजून भाता हलवत होत्या. केव्हाच थांबल्या असत्या तरी चाललं असतं. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं आणि त्यांनी विचारलंही नव्हतं. दंडाला रग लागली असणार, हात बदलून बदलून हलवत होत्या. चारूचे डोळे उघडे होते.

वहिनी ओशाळल्यासारख्या झाल्या. दिव्याकडे पाहत म्हणाल्या, "पट्टीला हात लावला नाही हो मी. आवाज झाला नाही ना?"

"झाला, वहिनी," चारू म्हणाली. दोन शब्दांसाठी तिला दोन श्वास लागले. "मला ऐकू येत होता."

वहिनींनी भाता ओढला आणि सावकाश मिटला.